पावसाळा, लंगोट आणि न हटणारी लाली

कोल्हापुरात जुलैची झड लागली की बाळंतिणीच्या खोलीत दोरीभर लंगोट. वरून वाळलेले वाटतात, पण शिवणीला हात लावा, दमटच! म्हणून बांधण्याआधी इस्त्री फिरवा आणि गार होऊ द्या.

तरीही लाली आलीच, तर नीट बघा: साधी रॅश लंगोट घासतो तिथं, फुगीर भागावर येते. जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. शी झाली की लगेच कोमट पाण्यानं धुवा, चोळू नका, मऊ सुती कापडानं टिपा. थोडा वेळ उघडं ठेवून झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

नाही पडला तर? घड्यांच्या आत गडद लाली आणि कडेनं सुटे लाल ठिपके असतील, तर बहुतेक कॅन्डिडा बुरशी. तोंडात पुसून न जाणारा पांढरा थर दिसतोय का, तेही बघा. घड्यांतल्या या लालीवर क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीनाशक मलम लागतं, पण डॉक्टरांना दाखवूनच.

हे टाळा:
❌ पावडर: बारीक कण बाळाच्या श्वासात जातात.
❌ मेडिकलमधून विचारून आणलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम: त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि डायपरखाली ते अंगात जास्त मुरतं.
❌ सोललेल्या कातडीवर हळद, डाळीचं पीठ किंवा शेगडीचा शेक.

फोड, पू, रक्त, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर थांबू नका. आपले बालरोगतज्ज्ञ नाहीतर सीपीआर रुग्णालय, लगेच गाठा. आज्जींनाही ही पोस्ट वाचून दाखवा!