तारांनी खाल्लेली वीज

२००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि राज्याच्या बहुतेक भागात वीज वाटण्याचे काम महावितरण कंपनीकडे आले. ही कंपनी वीज विकत घेऊन विकते. परंतु घेतलेली सारी युनिटे आपल्या मीटरपर्यंत पोचत नाहीत. काही चोरीस जातात, काही तारा तापवण्यात खर्ची पडतात.

तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला, तर तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहाने नेता येते. नुकसान एक चतुर्थांश होते! म्हणूनच वीज ११,००० व्होल्टने गावाजवळ आणून रोहित्रात तिचा दाब उतरवतात. रोहित्रापुढची कमी दाबाची तार जितकी लांब, तितकी गळती अधिक. तिचा भार अखेर वीजदरावर, म्हणजे आपल्याच बिलावर पडतो.