जुन्या मोटारीचे फटाके

कार्बोरेटरच्या मोटारी आता थोड्याच उरल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही आधी. तरी एखाद्या वाड्याच्या पडवीत अशी गाडी अजून जपलेली असते. ज्या औंध संस्थानात कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, त्या मुलखाला यंत्राचे वावडे नाही. तेव्हा या गाडीच्या एका जुन्या दुखण्याचा विचार करू.

समजा, आपण यमाईच्या दर्शनाला औंधचा डोंगर चढून आलात. वर गाडी उभी केली तर इंजिन थरथरते, मिसिंग मारते. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे फटाका वाजतो. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्याने कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरावा. आधी कान द्यावा, की आवाज कुठून येतो?

कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज आला, तर मिश्रणात बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. असे मिश्रण रेंगाळत जळते. आत येणारा व्हॉल्व्ह उघडला तरी ज्योत जिवंतच, ती उलटी कार्बोरेटरकडे धावते. म्हणून एअर फिल्टर काढून गाडी चालवू नये आणि चालू इंजिनात वाकून पाहू नये. आग लागायला वेळ लागत नाही. आवाज सायलेन्सरमधून आला, तर न जळलेले पेट्रोल तिथे जाऊन पेटते आहे. ठिणगी चुकते आहे, टायमिंग मागे पडले आहे किंवा सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरते आहे.

आता तपासणीचा क्रम. पहिली ठिणगी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, मग सुरू करून पाहावे. जी वायर काढूनही इंजिनाचा सूर बदलत नाही, तो सिलिंडर आळशी. त्याचा प्लग, वायर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी पाहावी. टोपीला केसाएवढी चीर असली तरी ठिणगी वाट चुकते. पॉइंटमधले अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावे. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. वायरी उलटसुलट लागल्या नाहीत ना, हेही बघावे. फियाट आणि अँबॅसडर दोन्हींचा क्रम १-३-४-२ असा आहे.

दुसरी हवा. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग सुकले की तिथून हवा शिरते. उभ्या गाडीत इंजिनाची ओढ जोरकस असते, म्हणून हा दोष पळताना लपतो आणि थांबल्यावर उघडा पडतो. पॅकिंगच्या कडेला साबणाचे पाणी सोडावे. सूर बदलला की चोर सापडला. तिथे पेट्रोल मात्र शिंपडू नये.

ठिणगी आणि हवा ठीक असेल, टॅपेटही घट्ट नसतील, तरच कार्बोरेटर उघडावा. स्लो जेटचे भोक फार बारीक; कचऱ्याचा एक कण पुरे. ते हवेने फुंकावे, तार घालू नये.

एक गोष्ट अलीकडची. आपल्याच उसापासून काढलेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होते. ते ओल धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही. तेव्हा नळ्या आणि पंपाचा पडदा दरवर्षी पाहावा, नळी ठिबकली तर त्याच दिवशी बदलावी, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

थोडक्यात, आधी कान, मग ठिणगी, मग हवा आणि शेवटी कार्बोरेटर. हा क्रम पाळला तर पुष्कळदा नवा कार्बोरेटर घेण्याचा खर्च वाचतो, आणि घाटात अडकण्याची वेळही येत नाही.