अर्ध्या गुंठ्याचा हिशेब

पीक कापणी प्रयोग हा शेतीच्या राष्ट्रीय हिशेबाचा पाया आहे. हातकणंगले तालुक्यात पेठ वडगावच्या आसपास, वारणा आणि पंचगंगा यांच्यामधल्या पट्ट्यात, खरिपाच्या अखेरीस सोयाबीन पिवळे पडले की हे काम निघते. साहित्य साधेच असते: टेप, चार खुंट्या, सुतळी, ताडपत्री आणि वजनकाटा. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तीन खात्यांचे गावपातळीवरचे कर्मचारी आपसात वाटून घेऊन ते पार पाडतात.

प्रयोगासाठी जमिनीचा गट कोणता घ्यायचा हे कर्मचारी ठरवत नाही, शेतकरीही नाही. यादृच्छिक आकड्यांचा तक्ता ते ठरवतो. आलेला आकडा गावातल्या सर्वांत मोठ्या गट क्रमांकापेक्षा मोठा निघाला, तर भागाकार करून उरलेली बाकी धरतात. रानात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभे राहून लांबी-रुंदी पावलांनी मोजतात, त्यातून प्रयोगाच्या तुकड्याची पावले वजा करतात आणि उरलेल्या पावलांच्या आत बसणारी आकड्यांची जोडी घेतात. पहिल्या आकड्याइतकी पावले बांधाने चालून, दुसऱ्या आकड्याइतकी आत वळून, पहिली खुंटी ठोकायची. शेतकरी बहुधा बांधावरून सांगत असतो, ‘साहेब, हिकडचं धरा की.’ विमा उतरवलेला असेल तर त्याचे बोट पातळ पिकाकडे असते, नसेल तर भरघोस पिकाकडे. दोन्हीकडे कानाडोळा करणे हाच या पद्धतीचा गाभा.

सोयाबीनसाठी तुकडा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, म्हणजे साधारण अर्धा गुंठा. सुतळी ताणली की खरी कसोटी कडेच्या रोपांवर लागते. निम्म्याहून अधिक मूळ आत असेल तर रोप आत, नाहीतर बाहेर. शेंगा कुठेही लोंबोत. मग कापणी, ताडपत्रीवर मळणी, उफणणी आणि वजन. दाण्यात ओल असते, म्हणून वाळल्यावरचे वजनही हिशेबात धरावे लागते. ५० चौरस मीटरच्या वजनाला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन निघते. समजा, दाणे १० किलो भरले, तर हेक्टरी २० क्विंटल. म्हणजे काट्यावर अर्ध्या किलोची चूक झाली, की कागदावर हेक्टरी एक क्विंटल सोयाबीन जास्त पिकते किंवा बुडते.

तुकडा एवढा मोठा का, यामागे जुना वाद आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४०च्या दशकात यादृच्छिक निवडीची ही पद्धत देशातल्या मुख्य पिकांना लावली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून अंदाज बांधत होते. तुकडा लहान झाला की क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी वाढते, कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवले. पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची आकडेवारी उभी करण्याचे काम त्यांनी केले. त्या कामातही नुसते गणित पुरेसे नव्हते. रानात जाऊन नियमाने दोरी ताणणारी माणसेही लागतात.

हेक्टरी उत्पादनाला पेऱ्याच्या क्षेत्राने गुणायचे असते. ते क्षेत्र पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये भरत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो घेऊन नोंद करू लागला. या पट्ट्यात उसाच्या सरीत भुईमूग किंवा सोयाबीन असते. दोन्ही पिकांना पुरे क्षेत्र दाखवले की रान कागदावर दुप्पट होते. क्षेत्र आणि उत्पादनाचे आकडे मुंबईच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे पोहोचतात. तिथे दराने गुणून, बी-खत-डिझेल-विजेचा खर्च वजा करून, राज्याच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा निघतो. त्याच अर्ध्या गुंठ्यावर पीक विमाही ठरतो. २०२५च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा आधार प्रामुख्याने तोच आहे. एका आकड्यावर इतके हितसंबंध टांगणे आकड्याच्या तब्येतीला चांगले नाही.

जमिनीचे काय झाले, हे मात्र या काट्यावर येत नाही. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत पाटाचे आणि उपशाचे पाणी वर्षानुवर्षे देऊन कित्येक शिवारे क्षारपड झाली. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो आणि उसाची उगवण विरळ होते. तिथे निचऱ्याचे सच्छिद्र पाइप पुरले की तो खर्च अर्थव्यवस्थेतली गुंतवणूक म्हणून जमेस धरतात. बिघडलेली जमीन मात्र कुठेच वजा होत नाही. ती वजाबाकी मांडता यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये पर्यावरण-आर्थिक लेखांकनाचा मुख्य आराखडा आणि २०२१ मध्ये परिसंस्थांचा आराखडा स्वीकारला. भारतात पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०१३ मध्ये हरित लेख्यांची दिशा सुचवली. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून जमीन, पाणी, वने आणि खनिजे यांची लेखी छापत आहे.

मातीच्या लेख्याची सुरुवातही रानातच होते. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवडतात, ठिकठिकाणची माती मिसळून चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकतात आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहतात. बागायतीत दर अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दर दहा हेक्टरला एक. मृद आरोग्य पत्रिकेवरच्या १२ घटकांत सामू आणि क्षारता दोन्ही असतात. म्हणजे या पट्ट्यातल्या बिघाडाची नोंद सरकारदरबारी आहे. पण ती सोयाबीनच्या वजनाशेजारी एका ओळीत मांडणारा तक्ता तालुक्याच्या पातळीवर अजून तयार होत नाही.