उपग्रहामागे फिरणारी अँटेना, तालुक्याच्या बाजारातून

पुणे-नाशिक महामार्गाने संगमनेर सोडून चंदनापुरीचा घाट ओलांडला, आळेफाटा मागे टाकला, की नारायणगाव येते. तेथून जवळच, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही जीएमआरटी दुर्बीण मुळात खगोलशास्त्रासाठी. तरीही १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश तिने पृथ्वीवरून टिपला होता. ही अवाढव्य तबकडी फिरते ती दोनच अक्षांवर. एक अक्ष तिला क्षितिजाला समांतर फिरवतो, तो दिगंशाचा. दुसरा वर-खाली करतो, तो उन्नतांशाचा. संगमनेरातील एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर मीटरभर व्यासाची अँटेना उपग्रहामागे फिरवायची, तर यंत्र याच तत्त्वाचे लागते. प्रश्न असतो तो सुटे भाग आणायचे कोठून, हा.

घरावरची दूरचित्रवाणीची छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही, कारण तिचा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो. खालच्या कक्षेतील उपग्रहांचे तसे नाही. सुमारे ४०० किलोमीटरवरचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दहाएक मिनिटांत आकाश पार करते आणि डोक्यावर असताना सेकंदाला एक अंशाहून थोडे अधिक सरकते. ८०० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या हवामान उपग्रहांचा वेग याच्या निम्मा भरतो. त्यांचे १.७ गीगाहर्ट्झवरील तपशीलवार चित्र हवे असेल, तर मीटरभराच्या तबकडीची दृष्टी जेमतेम १२ अंश रुंद असते. तिने उपग्रहाला सोडून चालत नाही. तयार परदेशी यंत्र मागवले तर त्याची किंमत अनेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून पावले वळतात ती भंगाराच्या दुकानाकडे.

आणि तेथे निराशा होत नाही. दिगंशाच्या अक्षासाठी जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाचा हब उत्तम. मोटारीचे वजन आणि वळणावरचा ताण सोसण्यासाठीच तो घडलेला असतो. १५-२० किलोंची अँटेना त्याला खिजगणतीतही नसते. उन्नतांशाच्या आडव्या दांड्यासाठी मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत वापरतात तसले पायाचे बेअरिंग चालते. दुभत्या जनावरांच्या या तालुक्यात कडबाकुट्टीचे सुटे भाग मिळायला अडचण पडू नये. खांबासाठी जाड भिंतीचा जीआय पाइप आणि जोडकामासाठी फॅब्रिकेशनवाला गावातच सापडतो.

मोटारीचे गणित मात्र आधी कागदावर करावे. वायपरची १२ व्होल्टची मोटर स्वस्त आणि दणकट असते. पण मिनिटाला ४५ फेरे म्हणजे सेकंदाला २७० अंश. एवढा वेग निरुपयोगी. तिच्यापुढे ६० पटींनी वेग उतरवणारा वर्म गिअर बसवला, की सेकंदाला साडेचार अंश उरतात आणि जोरही वाढतो. वर्म गिअरचा आणखी एक गुण असा, की वीज बंद असतानाही वारा अँटेनाला सहसा उलटी फिरवू शकत नाही. उन्नतांशासाठी जुन्या मोठ्या डिशचा ३६ व्होल्टचा जॅक मिळाला तर फारच बरे. तो कोठे जोडायचा, यावर वेग ठरतो. सेकंदाला ४ मिलिमीटर सरकणारा जॅक अक्षापासून १५ सेंटिमीटरवर जोडला तर सुमारे दीड अंश मिळतो, ३० सेंटिमीटरवर जोडला तर त्याच्या निम्मा. म्हणजे अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना तो मागे पडणार.

हौशी मंडळींची फसगत होते ती मोटारीच्या निवडीत नव्हे, तर कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात त्या दात्यांमधील ढिलाईत. साखळी आणि दातेरी चक्रे जुनी असली, की मोटर फिरते आणि अँटेना क्षणभर जागीच राहते; वाऱ्याच्या झोताने ती दोन-तीन अंश डुलते ते वेगळेच. जीएमआरटीमध्ये प्रत्येक अक्षाला दोन मोटारी एकमेकींच्या विरुद्ध ताण देतात, त्यामुळे दाते एकाच बाजूला दाबलेले राहतात. गच्चीवर हेच काम स्प्रिंग किंवा लटकते वजन करते. त्याहून महत्त्वाचे, कोन मोजणारा सेन्सर मोटारीवर न लावता थेट अँटेनाच्या अक्षावर लावावा. मग ढिलाई राहिली तरी यंत्राला निदान खरा कोन कळतो. पैसे वाचवू नयेत अशी जागा हीच. १२ बिटांचा चुंबकीय सेन्सर एका फेऱ्याचे ४०९६ भाग करतो, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाहून सूक्ष्म. तो संगमनेरात न मिळाल्यास पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आहेच.

वाऱ्याचा हिशेब अनेकदा राहून जातो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात मीटरभर व्यासाच्या भरीव तबकडीवर १७ किलोंच्या आसपास रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. खोडदच्या तबकड्या पत्र्याच्या नसून ०.५५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत, त्यामागे हेच कारण आहे. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीहून बरीच लहान असली की लहरीला ती भरीवच भासते, वारा मात्र आरपार जातो. १.७ गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर असल्याने सेंटिमीटरभर चौकटीची जाळी पुरेशी ठरते.

केबलला पीळ बसून ती तुटू नये म्हणून फिरण्याला मर्यादा हवी. खोडदची तबकडीही मध्यापासून दोन्हीकडे २७० अंशांपलीकडे फिरत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावावेत, आणि ते संगणकाच्या भरवशावर न ठेवता थेट मोटारीचा प्रवाह तोडतील असे जोडावेत. पावसाळ्यासाठी सेन्सरवर झाकण आणि बोल्ट स्टेनलेसचे असावेत. उपग्रहाकडे संदेश पाठवायचा असेल तर हौशी रेडिओचा परवाना घ्यावाच लागतो.

सगळे जुळल्यावर पहिली चाचणी उपग्रहावर घेऊ नये. सूर्याचे दिगंश आणि उन्नतांश कोणत्याही वेळी गणिताने काढता येतात. यंत्राला तेथे वळवावे आणि तबकडीसमोरच्या ग्राहकाची सावली कोठे पडते ते पाहावे. ती बरोबर मध्यावर पडली नाही, तर जेवढी सरकली असेल तेवढी दुरुस्ती सेन्सरच्या शून्यात करायची. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा.