उपळसरीची मुळी आणि फेणी

परभणीत काष्ठौषधीच्या दुकानात अनंतमूळ मागितलं, की तपकिरी, वाकड्यातिकड्या, बारीक काड्या पुडीत बांधून मिळतात. जुनी माणसं जिला उपळसरी म्हणतात, त्या वेलीची ही मुळं. काडी मोडून नाकाशी धरा. व्हॅनिलाच्या जवळचा गोड वास येतो. गोव्यात हीच मुळी फेणीत मुरवतात आणि त्या फेणीला दुकशिरी म्हणतात. दारूला घरच्या घरी स्वाद देण्याच्या आपल्या शेजारच्या मुलखातल्या पद्धतींमध्ये मला हिचं कौतुक सगळ्यात जास्त आहे.

ही फेणी समजून घ्यायची तर तीन कामं वेगळी ओळखावी लागतात. पहिलं आंबवणं. मार्च ते मे या हंगामात काजूची पिकून गळलेली बोंडं दगडी कुंडात तुडवतात, त्या कुंडाला तिथे कोळंबी म्हणतात. बाहेरून खमीर न घालता तो रस तीनएक दिवसांत आंबतो. दुसरं गाळणं. भट्टीवर पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काचा आणि हलका. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलं, की 42-43 टक्क्यांची फेणी होते. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तिसरं काम मुरवण्याचं. त्याला भट्टी लागत नाही की आंबवण लागत नाही. तयार फेणी, काचेची बरणी, धुऊन खडखडीत वाळवलेली मुळी आणि सवड, एवढ्यावर ते होतं. लिस्बनमध्ये आंबट चेरी दारूत मुरवून जिंजिन्या करतात, इटलीत लिंबाच्या सालीची लिमोनचेल्लो होते. तिथेही हेच तिसरं काम चालतं.

मुळीचा वास दारूत उतरतो कसा? उपळसरीच्या सुगंधाचं मुख्य द्रव्य व्हॅनिलिनचं सख्खं भावंड आहे. रेणूत अणू तेच आणि तितकेच, फक्त त्यांची मांडणी निराळी. असली सुगंधी द्रव्यं पाण्यात जेमतेम विरघळतात, मद्यार्कात मात्र सहज. फेणीत मद्यार्क आहे आणि निम्म्याहून जास्त पाणीही आहे. त्यामुळे एकीकडून वास उतरतो आणि दुसरीकडून रंग आणि तुरटपणा. पांढरी स्वच्छ फेणी हळूहळू सोनेरी आणि मग तांबूस होते. वास लवकर भरतो, तुरटपणा मागून येत राहतो. म्हणून मुळी घालण्यापेक्षा ती वेळेवर काढण्यात कसब आहे. कठीण मुळीला आठवडे लागतात. वेलची, लवंग एक-दोन दिवसांत सगळं देऊन टाकतात आणि त्यापुढे ठेवली तर लवंग बाकी सगळ्यावर मात करते. लिंबा-संत्र्याच्या सालीला दोन-चार दिवस पुरतात, पण सालीखालचा पांढरा पापुद्रा खरवडून काढावा, सगळा कडूपणा त्यातच असतो. ताजी रसाळ फळं आपलं पाणी दारूत सोडतात. दारू त्याने पातळ होते आणि मग टिकत नाही. घड्याळापेक्षा जिभेवर विश्वास ठेवावा, थेंबभर चाखत राहावं आणि वेळ आली की मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावं.

उष्णतेने मुरणं वेगाने होतं, म्हणून कुणाला बरणी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवावीशी वाटेल. हे अजिबात करू नये. 40 टक्के मद्यार्काच्या दारूची वाफ साधारण 26 अंशांपासूनच ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. परभणीचा उन्हाळा 44 अंशांपर्यंत जातो, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरातली सावलीसुद्धा ही मर्यादा ओलांडून बसलेली असते. बरणी घट्ट झाकणाची असावी, अंधाऱ्या फडताळात असावी आणि स्वयंपाकघरापासून दूर असावी.

यापेक्षा मोठा धोका मूळ दारूचा आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. ते विष मिथेनॉलचं होतं. मिथेनॉल मुरवून जात नाही, मसाल्याने मरत नाही, उलट वेलची-दालचिनीच्या वासाखाली दारूची वाईट प्रत झाकली मात्र जाते. पारखी माणूस उत्तम दारूलाच स्वाद देतो, तो याचसाठी. वनस्पतीचंही तेच. मद्यार्क सुगंध ओढतो तसं विषही ओढतो. धोतऱ्यासारखी झाडं आपल्या बांधावरच उगवतात, तेव्हा नीट ओळख नसलेली मुळी, बी किंवा पान बरणीत जाताच कामा नये.

गोव्याचा कायदा इथे लागू नाही, हेही लक्षात असू द्यावं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली दारू बनवणं, बाळगणं, वाहून नेणं या सगळ्यालाच परवाना लागतो. घरी गाळणं हा गुन्हा आहे, गोव्याहून विनापरवाना बाटल्या आणणं हाही गुन्हा आहे आणि कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. काही मुरवायचं मनात असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारून घ्यावं.

दारूला हात न लावणाऱ्यांनाही या मुळीचा वास मिळू शकतो. रायलसीमेत आणि तमिळनाडूत उपळसरीचा काढा साखरेच्या पाकात घालून नन्नारीचं सरबत करतात आणि उन्हाळ्यात लिंबू पिळून गार पाण्यातून देतात. मुळी तीच, आपल्या दुकानात पुडीत मिळते ती.