वर्दी उतरली, स्टिअरिंग हातातच

फौजेतून पस्तिशीच्या आसपास रिटायर व्हायचं. मग पुढे काय? वॉचमनची खुर्ची, की पुन्हा गाडी? ट्रकच्या केबिनमधल्या एका सेकंड इनिंगची ही गोष्ट.

रात्री साडेअकराला तुम्ही मोबाइलवरून ऑर्डर टाकता आणि दोन दिवसांत खोकं दारात हजर! मधल्या रात्री ते खोकं कुणाच्या भरवशावर असतं, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. मलाही पडला नसता, पण माझा मामा ट्रक चालवतो.

मामा साताऱ्याकडचा. २००१मध्ये, एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. एएससी, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. सैन्याला रेशन आणि इंधन पोचवणारी ही मंडळी. बंगळुरूला ट्रेनिंग झालं आणि मग श्रीनगर ते लेह, अशोक लेलँडचा स्टॅलियन घेऊन. झोजिला म्हणजे साडेअकरा हजार फूट. एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पुढच्या गाडीशी ठरलेलं अंतर सोडायचं नाही, ओव्हरटेकचा तर विषयच नाही. सकाळी ऑइल, पाणी, टायर बघितल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली आहे, की माझ्या स्कूटीचेही टायर तो दाबून बघतो.

२०१८मध्ये घरी आला तेव्हा वय ३६. जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन मिळते, याची १७ झाली होती. पण दोन पोरांच्या फिया आणि अर्धवट बांधलेलं घर त्या पेन्शनमध्ये बसेना. आमच्याकडे रिटायर फौजी म्हणजे एटीएमबाहेरची खुर्ची, हे जवळपास ठरलेलंच. मामा म्हणाला, ‘बसून पगार घ्यायची सवय नाय मला.’

पहिला झटका लायसन्सचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८खाली मिळणारं फौजेचं लायसन्स फक्त लष्कराच्या गाड्यांसाठी चालतं. बाहेर ट्रक चालवायचा तर सिव्हिलचं ट्रान्सपोर्ट लायसन्स हवं. त्याच्या लर्निंगसाठी आधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं पाहिजे. नशीब, मामाने एका सुट्टीत कारचं लायसन्स काढून ठेवलं होतं. नाहीतर झोजिला पार केलेला माणूस साताऱ्यात वर्षभर घरी बसला असता!

दुसरा झटका नोकरीचा. कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने विचारलं, ‘कुठल्या लाइनवर चालवलीय?’ मामा म्हणाला, ‘लेह लाइन.’ शेठ हसला आणि त्याला नवख्याच्या पगारावर ठेवला.

फौजेत रस्ता कठीण होता, पण डोक्यावर व्यवस्था होती. जेवण कुठे, मुक्काम कुठे, गाडी बिघडली तर कोण येणार, सगळं ठरलेलं. इथे माल उतरवायला दोन दिवस गेटबाहेर उभं राहायचं, हॉल्टिंगचे पैसे मिळतील की नाही माहीत नाही आणि ई-वे बिलाची मुदत संपत आली, की फोनवर फोन. रिटर्न भाडं मिळालं नाही तर तोंड ड्रायव्हरलाच लपवावं लागतं. झोप? ती केबिनमध्ये, इंजिनाच्या गरमीत. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण जुन्या गाड्यांमधला घाम काही त्याने जात नाही.

आणि न्यूट्रल. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायची, हा लाइनवरचा फंडा. गिअर नसला की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२मध्ये एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मामा खंबाटकी गिअरमध्येच उतरायचा. महिनाअखेरीला डिझेलच्या हिशेबात तो सगळ्यांच्या मागे. मग एकदा त्याने ओव्हरलोड गाडी काढायला नकार दिला. ‘फौजी, इथं परेड चालत नाही,’ असं म्हणून शेठने हिशेब हातात ठेवला. नोकरी टिकली आठ महिने.

त्या दिवशी मामी पहिल्यांदा वॉचमनच्या नोकरीबद्दल बोलली. मामा गप्प होता. दोन महिने तसाच.

आता तो दुसऱ्या मालकाकडे आहे. गाडी बारा टायरची, न्हावाशेवा ते बंगळुरू. ट्रेनिंग जिथे झालं त्याच शहरात माल टाकून येतो. पगार अजूनही सॉलिड वगैरे नाही, पण गाडीत किती माल भरायचा हे त्याला विचारूनच ठरतं. मला वाटतं, त्याला हवं होतं ते एवढंच.

परवा भावकीतला एक पोरगा सुट्टीवर आला होता. अग्निवीर, एएससीतच ड्रायव्हर. चार वर्षांची नोकरी. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के, बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी, पेन्शन नाही. तो मोबाइलवर स्टॅलियनचे फोटो दाखवत होता. मामाने दोन-तीन बघितले आणि विचारलं, ‘सिव्हिलचं लायसन्स काढलंस का?’

पोरगा हसला. ‘काका, अजून दोन वर्षं आहेत की!’

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामा त्याला मागे बसवून आरटीओत घेऊन गेला.