रिकामा डबा

कल्याणच्या एका पुस्तकाच्या दुकानात माझ्याच कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती मला दिसली. आपलेच मूल दुसऱ्याच्या घरी वाढून अचानक समोर यावे, तसे मला झाले. मी ती प्रत पैसे देऊन विकत घेतली आणि घरी येऊन प्रकाशकांना फोन केला.

"अकरा वर्षांत कधी हिशेब विचारला नाहीत, आणि आज विचारता?" ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होते. म्हणूनच मला जास्त राग आला. दोन वाक्ये मी बोललो, दोन ते बोलले, आणि अकरा वर्षांचा स्नेह पाच मिनिटांत संपला.

विलायतेत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट नावाचा गृहस्थ असतो. लंडनच्या ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय रूढ केला. भांडायचे ते एजंटाने भांडावे, लेखकाने लिहावे, अशी वाटणी. पण तिथेही नाती तुटतातच. १९९५ साली मार्टिन एमिस यांनी आपल्या एजंट पॅट कॅव्हना यांना सोडले, तेव्हा कॅव्हनांचे पती, कादंबरीकार ज्युलियन बार्न्स, यांच्याशी असलेली त्यांची जुनी मैत्रीही तुटली.

आपल्याकडे तो मधला गृहस्थच नाही. हस्तलिखित वाचणारा, दिवाळी अंकांना नाव सुचवणारा आणि आजारपणात घरी येणारा, सगळा एकच प्रकाशक. मग त्याच्याशी बिनसले की एका दिवसात किती माणसे गमवावी लागतात!

दोन महिने मी एक ओळ लिहिली नाही. वर्गात खांडेकर शिकवायचे, तर जिभेवर कडवटपणा यायचा. एका रविवारी सौ. म्हणाली, "अहो, घरात नुसते येरझारा घालण्यापेक्षा देवळापर्यंत तरी जाऊन या."

अंबरनाथचे आमचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. नदीची आज रया गेली आहे. देऊळ मात्र उभे आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचे. तिथल्या गारव्यात माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. शिलाहारांच्या काळातले हे काम. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलालेख इथे आहे. बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो आणि मनात आले, बांधणाऱ्यांनी तोंडच्या शब्दावर न विसंबता साल दगडात कोरून ठेवले. आणि मी, मराठीचा एम. ए., साधा कागदही केला नव्हता!

'ययाती' १९५९ सालची. खांडेकरांची ती कादंबरी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. याच रा. ज. देशमुखांनी १९६३ साली नेमाडे नावाच्या नवख्या तरुणाची 'कोसला' छापली. लेखकावर असा जीव लावणारे प्रकाशक थोडे. तरीही 'कोसला' पुढे पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. खांडेकर १९७६ साली वारल्यावर त्यांचे वारस आणि देशमुख कंपनी यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. लेखकाने हक्कच देऊन टाकला होता, की नुसती छापण्याची परवानगी दिली होती, असा तो प्रश्न. आज खांडेकरांची पुस्तके मेहता पब्लिशिंग हाऊसकडून निघतात. एवढ्या मोठ्या माणसांच्या घरी जे घडले, ते माझ्या घरी घडले म्हणून मी का छाती पिटावी?

घरी येऊन कायदा वाचला. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच हवे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरतात. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. माझा तर करारच नव्हता. म्हणजे हक्क कधी माझ्या हातून गेलेलाच नव्हता! जो निष्काळजीपणा मला छळत होता, त्यानेच मला वाचवले. पण तो माझा शहाणपणा नव्हे, हे मी जाणून आहे. आणि एकट्या त्यांचीच चूक होती, असेही मग म्हणवेना. अकरा वर्षे हिशेब न विचारण्याला मी स्नेह म्हणत होतो. खरे तर तो संकोच होता.

त्या रात्री पत्र लिहिले. पहिल्या परिच्छेदात आभार: माझी पहिली कथा त्यांनीच वाचली होती. दुसऱ्यात मागणी: दोन्ही आवृत्त्यांचा हिशेब द्यावा, पुढची आवृत्ती काढू नये. तक्रारीचा तिसरा परिच्छेदही लिहिला होता. तो सकाळी फाडून टाकला. दुपारी नवी कथा सुरू केली.

गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना सौ.ने विचारले, "त्यांच्याकडे दरवर्षी जातो तो डबा?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "भर."

मुलगा देऊन आला. चार दिवसांनी त्यांच्याकडचा माणूस डबा परत घेऊन आला. रिकामा डबा परत करू नये, ही रीत त्यांच्या घरीही पाळतात. आत साखर होती.

हिशेब मात्र अजून यायचा आहे. त्यासाठी दुसरे पत्र मी कालच टाकले.